बोर्डाखालची वीज : छोट्या रेल्वेच्या लेआउटला पॉवर सप्लाय कसे जोडावेत

मिरजेतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, बारा फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवुडवर, मी जुन्या मिरज जंक्शनचे मॉडेल, म्हणजे छोट्या रेल्वेचा लेआउट, उभे केले आहे. जुना काळ निवडण्याचे कारण असे की तेव्हा या एकाच स्थानकात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलीमीटर मापाची लाइन १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली आणि पुण्याकडची लाइन १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, आपल्या ब्रॉडगेजचे खरे माप एकोणीस मिलीमीटरच्या किंचित वर भरते; परंतु बाजारात तयार रूळ साडेसोळा मिलीमीटरचे मिळतात, म्हणून तेच वापरले. नॅरोगेजला नऊ मिलीमीटरचे रूळ बेतशीर बसतात. मीटरगेजचा बारा मिलीमीटरचा रूळ माझ्याकडे केवळ देखाव्यापुरता आहे आणि त्यावर डब्यांची एक रांग कायमची उभी असते. बोर्डावर अशा रीतीने दोन स्वतंत्र रेल्वे धावतात. ब्रॉडगेज डीसीसीवर चालते, म्हणजे रुळांत कायम ठरावीक व्होल्टेज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपापला हुकूम ओळखतो. नॅरोगेज साध्या डीसीवर चालते, म्हणजे कंट्रोलरची मूठ फिरवली की रुळांतील व्होल्टेज शून्यापासून बारापर्यंत चढते.

सुरुवातीला दोन्ही रेल्वे साध्या डीसीवर होत्या आणि मी सगळ्याला बारा व्होल्टचा एकच अडॅप्टर लावला होता. गाडी सुटली की फलाटावरचे दिवे मंद व्हायचे, सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड, बदलला की चालत्या गाडीला हिसका बसायचा, आणि खिडकीकडच्या लांबच्या वळणावर इंजिन असे रेंगाळायचे की जणू पुढे मोठा चढ आहे. मी ते इंजिन दोनदा उघडले, ब्रश साफ केले, तेल दिले. दोष इंजिनात नव्हताच, तो तारांत होता. लेआउटवरील बहुतेक ‘बिघडलेली’ इंजिने प्रत्यक्षात उपाशी असतात, म्हणून इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावण्यापूर्वी बोर्डाखाली पाहावे, असे मी आता ठामपणे सांगतो.

कामानुसार वेगळा पुरवठा

लेआउटवर विजेची तीन कामे असतात. गाड्या चालवणे, सांधे बदलणे आणि दिवे-सिग्नल लावणे. या तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. गाडीला सतत, पण कमीजास्त होणारा प्रवाह लागतो. सांधा हलवणाऱ्या कॉइलला क्षणभरच, परंतु एकदम मोठा प्रवाह लागतो. आणि दिव्यांना थोडाच प्रवाह लागतो, मात्र तो अगदी स्थिर असावा लागतो. तिघे एकाच सप्लायवर आले की प्रत्येकाचा झटका इतर दोघांना बसतो. म्हणून प्रत्येक कामाला वेगळा सप्लाय द्यावा, आणि डीसीसी व साधे डीसी अशा दोन्ही पद्धती असतील तर त्यांचेही सप्लाय वेगळे ठेवावेत.

कोणता सप्लाय किती अँपिअरचा घ्यावा, हे आधी कागदावर मांडावे. आजचे एचओ इंजिन सपाट रुळावर साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेते, तर जुन्या बनावटीचे इंजिन एक अँपिअरपर्यंत जाऊ शकते. माझ्या ब्रॉडगेजवर एका वेळी फार तर तीन इंजिने चालतात, म्हणजे सुमारे दीड अँपिअर होतात. त्यासाठी तीन अँपिअरचे कमांड स्टेशन, म्हणजे रुळांत वीज आणि हुकूम सोडणारी डीसीसीची पेटी, पुरते. नॅरोगेजच्या एकुलत्या इंजिनाला एक अँपिअरचा कंट्रोलर भरपूर होतो. चाळीस एलईडी प्रत्येकी दहा मिलीअँपिअरने धरले तर चारशे मिलीअँपिअर होतात, त्यामुळे दिव्यांसाठी बारा व्होल्ट, एक अँपिअरचा अडॅप्टर घेतला. सप्लायच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भार त्यावर कायम राहू नये, असा माझा हिशेब असतो. कमांड स्टेशनला मात्र त्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या व्होल्टेजचाच सप्लाय द्यावा. घरात लॅपटॉपचा जुना अडॅप्टर पडून आहे आणि त्याची पिन बसते, एवढ्यावर तो जोडू नये.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा बारा व्होल्ट, तीस अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने व्होल्टेज उतरवणारा सप्लाय, स्वस्त पडतो, आणि एकदाच मोठा घेऊन टाकू असा मोह होतो. अशा सप्लायपाशी तीनशे साठ वॅट असतात. रुळावर स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर छोटा सप्लाय लगेच बंद होतो, परंतु हा मोठा सप्लाय तो शॉर्ट ओळखतच नाही आणि केसासारखी बारीक तार लालभडक होईपर्यंत वीज पुरवत राहतो. मोठा सप्लाय वापरायचाच असेल तर त्याच्यातून निघणाऱ्या प्रत्येक शाखेवर त्या शाखेच्या तारेला झेपेल एवढा स्वतंत्र फ्यूज बसवावा. अँपिअर वाढवण्यासाठी दोन सप्लाय समांतर जोडू नयेत. त्याचप्रमाणे सगळ्या सप्लायचे मायनस एकत्र बांधण्याची जुनी पद्धतही मी वापरत नाही. दोन तारा जास्त लागल्या तरी चालतील, पण दोष शोधताना प्रत्येक सर्किट स्वतंत्र असले पाहिजे.

२३० व्होल्टची बाजू

या बाजूला आपण कमीत कमी हात लावावा. गाड्यांच्या तारा आपण हौसेने जोडू शकतो, पण घरच्या विजेचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. लेआउटसाठी अर्थिंग असलेला तीन पिनी सॉकेट आणि मागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. तिथून एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा आणि सर्व अडॅप्टर त्यावरच लावावेत, म्हणजे एक मुख्य बटण दाबले की संपूर्ण लेआउट मेला पाहिजे. शक्यतो आयएसआय किंवा बीआयएसची खूण असलेले बंद अडॅप्टर घ्यावेत. जाळीच्या पत्र्यातील एसएमपीएसच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. तो घेतलाच तर झाकणाच्या पेटीत बसवून घ्यावा आणि त्याच्या पत्र्याला अर्थिंग जोडून घ्यावे. पेटीला हवेसाठी भोके लागतात, पण त्यांवर आतून डासांची बारीक जाळी चिकटवावी. उबेला आलेली पाल दोन टोकांवर आडवी होऊन सप्लाय जळाल्याचे मी पाहिले आहे.

आपल्याकडच्या विजेचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यात शेतीपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरते. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जुना कंट्रोलर त्याच प्रमाणात खाली येतो, म्हणजे २३० चे १९० झाले तर १६ व्होल्टचे साधारण १३ उरतात. एसएमपीएस प्रकारचा अडॅप्टर मात्र आतल्या आत सावरून घेतो आणि त्याचे बारा व्होल्ट बाराच राहतात. गावात राहणाऱ्या हौशी मंडळींनी या एका कारणासाठी तरी जुने ट्रान्सफॉर्मर सोडून द्यावेत. दुसरी गोष्ट म्हणजे लाइट गेली की साध्या डीसीच्या कंट्रोलरची मूठ शून्यावर आणून ठेवावी. नाहीतर लाइट येते तेव्हा आपण खोलीत नसतो आणि गाडी आपोआप सुटलेली असते.

सप्लाय जमिनीवर ठेवू नयेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा नदीकाठच्या वस्तीतील माझ्या एका स्नेह्यांचा लेआउट टेबलावर असल्यामुळे वरून कोरडा राहिला, पण खाली फरशीवर मांडलेले सगळे अडॅप्टर आणि तारांची भेंडोळी पाण्यात गेली. बुडालेला अडॅप्टर वाळवून पुन्हा वापरू नये. तारांचे तर त्याहून फसवे असते. बारीक तंतूंच्या तारेत पाणी टोकाकडून आत ओढले जाते, वरून ती तार स्वच्छ दिसते, आणि सोलल्यावर आतले तांबे वीतभर काळे-हिरवे निघते. अशा तांब्याला कथील धरत नाही. त्या स्नेह्यांनी अखेर सर्व तारा नव्या ओढल्या आणि अडॅप्टर छातीच्या उंचीवर भिंतीला बसवले.

रूळ गाडीसाठी, वीज तारेतून

लांबच्या वळणावर गाडी का रेंगाळते, याचे उत्तर रुळाच्या धातूत आहे. रुळांच्या धातूला निकेल-सिल्व्हर म्हणतात, परंतु त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या दहा पटींहून अधिक असतो. त्यात भर म्हणजे दर तुकड्याच्या शेवटी असलेली, त्याला पुढच्या तुकड्याशी जोडणारी पट्टी, म्हणजे फिशप्लेट. नवी असताना ती घट्ट बसते, पण दोन पावसाळे गेले की तिच्या आत काळा थर धरतो. दहा फिशप्लेट ओलांडून इंजिनापर्यंत पोहोचणारी वीज वाटेतच खर्ची पडते. म्हणून वीज नेण्याचे काम रुळांवर सोपवू नये. बोर्डाखालून जाड तारांची एक जोडी लेआउटभर फिरवावी, तिला बस म्हणतात, आणि तिच्यातून ठिकठिकाणी बारीक तारेचे फीडर वर काढून रुळांना डाख द्यावा.

बसची तार किती जाड असावी, हे आकड्यांत पाहिले की पटते. माझ्या बोर्डाचे लांबचे टोक कमांड स्टेशनपासून तारेच्या मापाने चार मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. अर्धा चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३९ ओहम असतो. आठ मीटरला ०.३१ ओहम झाला, आणि तीन अँपिअरला जवळपास एक व्होल्ट तारेतच गेला. दीड चौरस मिलीमीटरच्या तारेत हीच घट ०.३२ व्होल्टवर येते आणि अडीचच्या तारेत ०.१९ वर. माझ्याएवढ्या बोर्डाला दीडची तार पुरते; खोलीभर लेआउट असेल तर अडीचची घ्यावी. घराच्या फिटिंगची ही तार कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ९० मीटरच्या बंडलात मिळते, आणि ओळखीच्या दुकानात मीटरवरही तोडून देतात. ती बारीक तंतूंची असावी, एकसंध सळईसारखी नसावी.

रंगांबाबत मी थोडा हट्टी आहे. परदेशी पुस्तिकांत रुळांसाठी लाल आणि काळी तार दाखवलेली असते. परंतु आपल्या घरांत लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल हे वायरमनच्या डोळ्यांत ठसलेले असते आणि हिरवी अर्थिंगची असते. उद्या आपल्या गैरहजेरीत कोणी बोर्डाखाली वाकले तर गोंधळ होऊ नये, म्हणून हे तीन रंग मी लेआउटवर वापरतच नाही. ब्रॉडगेजच्या बसला पिवळी आणि पांढरी, नॅरोगेजला निळी आणि करडी, असे ठरवून घेतले आहे, आणि पिवळी तार नेहमी फलाटाकडच्या रुळाला जाते. रंगांच्या जोड्या कोणत्याही असोत, त्या एकदा ठरल्या की शेवटपर्यंत बदलू नयेत.

बस बोर्डाखाली कुठेही लोंबू देऊ नये. दर फुटाला एक क्लिप मारावी आणि दोन पद्धतींच्या बसमध्ये किमान चार बोटे अंतर ठेवावे. हे अंतर विशेषतः माल बदलण्याच्या फलाटापाशी सांभाळावे लागते. नॅरोगेजमधून आलेला माल तिथे ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवला जाई, त्यामुळे मॉडेलमध्येही दोन्ही रूळ तळहाताच्या अंतरावर येतात आणि खाली दोन्हींचे फीडर शेजारी शेजारी उतरतात. एकही फीडर चुकून दुसऱ्या बसला गेला तर डीसीसीचा प्रवाह साध्या कंट्रोलरमध्ये घुसतो आणि दोन्हींपैकी एक जळते. म्हणून त्या जागी मी प्रत्येक फीडरला कागदी पट्टी गुंडाळून त्यावर नाव लिहिले आहे.

फीडरसाठी अर्धा चौरस मिलीमीटरची तार चालते, कारण तिची लांबी वीतभरच असते. दर मीटरला एक जोडी द्यावी, आणि प्रत्येक सांध्याच्या तिन्ही टोकांना स्वतंत्र फीडर असावा. शक्य असेल तर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला आपला फीडर असावा, म्हणजे फिशप्लेट फक्त रूळ सरळ रेषेत धरण्यापुरती उरते.

डाख देण्याचे काम घाईचे नाही. रुळाची बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावी आणि काडीच्या टोकाने किंचित रोझिन फ्लक्स लावावा. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे पुरत नाही. ती रुळावर फार वेळ टेकवून ठेवावी लागते आणि तेवढ्यात प्लॅस्टिकचे स्लीपर मऊ होऊन माप बिघडते. चाळीस ते साठ वॅटची इस्त्री रसरशीत तापवून दोन-तीन सेकंदांत काम उरकावे. आधी रुळावर कथिलाचा छोटा ठिपका घ्यावा, मग तारेच्या टोकाला कथील चढवावे, तार ठिपक्यावर टेकवावी आणि वरून इस्त्री लावावी. कथील पाण्यासारखे पसरून क्षणभर चमकते, तेव्हा इस्त्री उचलावी आणि ते गोठेपर्यंत तार हलू देऊ नये. गोठलेला डाख गुळगुळीत दिसला पाहिजे. राखेसारखा खरबरीत दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा द्यावा. डाखाच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर उष्णता स्लीपरपर्यंत पोहोचत नाही. डाख नेहमी रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्यावा, कारण आतल्या अंगाने चाकांच्या कडा जातात.

सांधे आणि दिवे

सांध्यांच्या कॉइलच्या मोटारी बहुधा १६ व्होल्ट एसीवर चालतात. बटण थेट जोडले आणि बोट जरा जास्त वेळ दाबून राहिले, तर कॉइल काही सेकंदांत जळते. यावर उपाय म्हणजे मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज युनिट घालणे. १६ व्होल्ट एसी सरळ करून मिळणारे सुमारे एकवीस व्होल्ट त्यातील कपॅसिटरमध्ये भरले जातात आणि बटण दाबताच सगळे एका ठोक्यात कॉइलमध्ये रिकामे होतात. ठोका जोरदार बसतो, आणि बटण दाबून धरले तरी मागून प्रवाह येत नाही. ४७०० मायक्रोफॅरडचा, किमान ३५ व्होल्टचा कपॅसिटर एका वेळी दोन सांध्यांना पुरतो. संथ फिरणाऱ्या मोटारींना याची गरज नसते. त्या बारा व्होल्ट डीसीवर अगदी थोडा प्रवाह घेत कायम जोडलेल्या राहू शकतात.

दिव्यांत चूक होते ती रेझिस्टरची. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. बारातून तीन गेले, नऊ उरले, आणि एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून नऊ मिलीअँपिअर वाहतात. फलाटाच्या दिव्यांना तेवढा उजेडही जास्त होतो, म्हणून मी तिथे ४.७ किलोओहम घालतो. प्रत्येक एलईडीला आपला रेझिस्टर द्यावा; अनेक एलईडी समांतर जोडून सर्वांना मिळून एकच रेझिस्टर दिला तर काही दिवे प्रखर आणि काही मंद लागतात.

पहिल्यांदा वीज सोडताना

सर्व जोडणी झाली की आधी सप्लाय न लावता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बसच्या दोन तारांवर टेकवावा. इंजिने आणि डबे रुळावरून उचललेले असावेत. मीटर वाजला तर कुठेतरी दोन्ही रूळ भिडले आहेत. बहुधा तो सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, असतो किंवा वळून परत त्याच रुळाला मिळणारी चक्री असते. अशा चक्रीत डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो, म्हणून तिची दोन्ही टोके प्लॅस्टिकच्या फिशप्लेटने तोडून तिला वेगळ्या ऑटो-रिव्हर्सरवर, म्हणजे रुळांची वीज आपोआप उलटवणाऱ्या यंत्रावर, घ्यावे लागते.

नॅरोगेजवर पहिली वीज सोडताना मी कंट्रोलर आणि बस यांच्यामध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, १० वॅटचा बल्ब जोडतो. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तो सहज मिळतो. रुळावर शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि प्रवाह सुमारे ०.८ अँपिअरच्या पुढे जात नाही. शॉर्ट नसेल तर तो विझलेला राहतो. दोष दिव्यासारखा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे एकेक फीडर सोडवत जाऊन त्याची जागा शोधता येते.

डीसीसीच्या ब्रॉडगेजची परीक्षा नाण्याने करावी. कमांड स्टेशन चालू ठेवून एक नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे. स्टेशनने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे आणि नाणे उचलल्यावर पुन्हा दिली पाहिजे. हे दर मीटरला, आणि प्रत्येक सांध्याच्या पुढे-मागे करावे. एखाद्या जागी स्टेशन वीज तोडायला रेंगाळले, किंवा नाणे हाताला कोमट लागले, तर तिथपर्यंतचा रोध जास्त आहे. एके दिवशी गाडी घसरून तिथेच आडवी पडेल आणि बोगीतून धूर निघेल. त्या जागी आणखी एक फीडर द्यावा.

शेवटी सगळ्या गाड्या अर्धा तास चालवाव्यात आणि प्रत्येक अडॅप्टरला हात लावून पाहावा. कोमट चालतो, हात ठेववत नसेल तर भार जास्त आहे. त्यानंतर नॅरोगेजच्या कंट्रोलरची मूठ पूर्ण फिरवून, गाडी चालू असताना, कंट्रोलरच्या टोकांवर आणि सर्वांत लांबच्या वळणावर व्होल्टेज मोजावे. हे दोन आकडे आणि तारीख पेन्सिलीने बोर्डाच्या खालच्या अंगाला लिहून ठेवावी. पावसाळा संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, त्याच दोन जागी, तेच इंजिन चालवून पुन्हा मोजावे. दोन जागांमधील फरक आधीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक वाढला असेल तर इंजिन उघडू नये, त्या वळणावरचे फीडर एकेक करून हलके ओढून पाहावेत. सुटलेला डाख हातात येतो.